चेहरा की पाठमोरं?

"चेहरा घेऊ की पाठमोरं?"

खांद्यावर कॅमेरा चढवला की शूटिंगकाका आधी उजवा तळवा भिंगावर ठेवायचे आणि समोरच्याला हा प्रश्न विचारायचे. करवलीला विचारायचे, पंगतीत वाढणाऱ्याला विचारायचे, अगदी नवरीलासुद्धा. ती म्हणायची, "अहो काका, नवरीला कोणी पाठमोरं घेतं का?" काका मान डोलवायचे. "विचारलेलं बरं असतं." एका लग्नात वरपिता वैतागला आणि म्हणाला, "आता त्या दारातल्या बैलालाही विचारा!" तर काका खरोखरच बैलाकडे वळून क्षणभर थांबले. मांडव हसला. काका हसले नाहीत.

पेणला गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान होतं. काका उंच, जरा पोक काढून चालणारे. वर्षानुवर्षं कॅमेरा वाहून उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलेला. पेणपासून रोह्यापर्यंतच्या किती घरांतल्या लग्नाच्या कॅसेटी त्यांच्या हातच्या होत्या, कोण जाणे. तुम्ही या भागातले असाल आणि तुमचं लग्न त्या काळातलं असेल, तर तुमच्याही कपाटात त्यांचं एखादं काम पडलेलं असेल. पाहून ठेवा. त्यात बाजूला उभ्या असलेल्या मुलींचे चेहरे फारसे सापडणार नाहीत. हळद लागतेय, अक्षता पडताहेत, सगळं आहे. पोरींच्या मात्र वेण्या तेवढ्या दिसतील.

मी तेव्हा खांब गावाच्या बाजूला एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. आमच्या स्नेहसंमेलनाचं शूटिंग काकाच करायचे, म्हणून ओळख. ती ओळख पुढे इतकी गाढ होईल असं वाटलं नव्हतं.

झालं असं, की मुंबईच्या एका संस्थेला हायस्कुलातल्या मुलांवर माहितीपट करायचा होता. दहावीची मुलं, त्यांचं जगणं, त्यांची स्वप्नं वगैरे. वरून पत्र आलं, मुख्याध्यापकांनी ते माझ्यापुढे सरकवलं आणि परवानगीच्या कागदावर शाळेच्या वतीने मी सही केली. तिशीतला एक दिग्दर्शक आला. मनाने वाईट नव्हता. कॅमेऱ्यासाठी त्याने इथलाच माणूस घ्यायचा ठरवलं, आणि इथला माणूस म्हणजे काका.

पहिल्या दिवशी दिग्दर्शकाने मुलांना नमुन्यादाखल दोन-तीन माहितीपट दाखवले. तुम्हीही असले पाहिले असतील. शहरातली मुलं असली की ती भांडतात, सिगारेट ओढतात आणि आईबापांवर ओरडतात. खेड्यातली असली की खिडकीतून लांब कुठेतरी बघत बसतात आणि मागे बासरी वाजते. पडदा काळा झाल्यावर पहिल्या बाकावरून आवाज आला, "सर, ह्यांच्या शाळेत मधली सुट्टी नसते काय?"

ती वनिता. दोन घट्ट वेण्या, गुडघ्यावर सायकलवरून पडल्याचे डाग आणि मनात आलेलं ओठांवर यायला पळभरही न लागणारी. घरी भाताची आणि वालाची शेती. दिग्दर्शक तिच्यावर तिथेच खूष झाला.

शूटिंग सुरू झालं. दिग्दर्शकाने मुलींना डोक्यावर हंडे घेऊन शाळेच्या रस्त्याने चालायला सांगितलं. काका कॅमेरा खाली घेऊन म्हणाले, "साहेब, ह्या सायकलवर येतात. हंडा घेऊन शाळेत कोण येतं?" दिग्दर्शक म्हणाला, "काका, बघणाऱ्याला कळायला हवं ना, की हे खेडं आहे." मग मुली हंडे घेऊन चालल्या आणि मागून मुलं ओरडली, "पाणी आलं गो, पाणी आलं!" तो सगळा दिवस आम्ही हसत होतो. हसणं तिथे संपलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत एकेकाची मुलाखत होती. वनिता स्टुलावर बसली. मागे भिंतीवर हाडांच्या सांगाड्याचा तक्ता. मी कोपऱ्यात उभी. तिने गणिताविषयी सांगितलं, सायकलच्या पंक्चरविषयी सांगितलं, घरच्यांविषयी सांगितलं. मग दिग्दर्शकाने विचारलं, "बरं, आता सांग. कुणी आवडतं का तुला?"

"सर, असं विचारतात काय?"

"फिल्म खऱ्या मुलांवर आहे. खरं सांगायचं."

तिने माझ्याकडे बघितलं. सांगू का, असं डोळ्यांनी विचारलं. आणि मी, पंधरा वर्षं शिकवत असलेली बाई, हसून मान हलवली. त्या हलवलेल्या मानेची मला आजही भीती वाटते.

काकांनी तळवा भिंगावर ठेवला. "पोरी, पाठमोरं घेऊ का?" दिग्दर्शकाने त्यांचा हात हळूच बाजूला केला. "काका, चालू ठेवा."

ती सहा मिनिटं बोलली. वर्गातल्या नितीनचं नाव घेतलं. तो खाडीकडचा, मामाकडे राहून शिकणारा, वनिताच्या समाजातला नव्हे. शाळा सुटल्यावर कालव्याच्या पुलावर दोघं कसे थांबतात, त्याने आपली कंपासपेटी तिला कशी दिली, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आम्ही लग्न करणार. घरी विचारणार नाय, सांगणार." आणि दोन्ही हातांत तोंड लपवून खदखदा हसली. मीही हसले.

मधल्या सुट्टीत काका नळापाशी तोंड धूत होते. मला बघून म्हणाले, "बाई, हे बरं नाय झालं."

"पंधरा वर्षांची पोर आहे, काका. या वयात सगळ्यांनाच कुणीतरी आवडतं."

"तेच ना. सगळ्यांना आवडतं. पण हिचं कॅसेटवर आलं."

मग ओल्या हातांनी तिथेच उभं राहून त्यांनी मला एक हकिकत सांगितली. तरुणपणी, नुकता कॅमेरा हातात आला होता तेव्हा, एका लग्नात त्यांना एक मुलगी दिसली. वधूची मामेबहीण. सरबताचे पेले फिरवत होती. एका मुलाने पेला घेतला आणि दोघांची बोटं तिथेच राहिली, जरा जास्त वेळ. "मला आवडलं ते. मी जवळ घेतलं. कॅसेट करताना त्याच्यावर गाणं टाकलं." ती कॅसेट बघायला वधूच्या घरी अख्खी वाडी जमली होती. चौथ्या दिवशी ती मुलगी विहिरीत सापडली. पडली, उडी मारली की आणखी काय, ते कोणी विचारलं नाही.

"मी गाणं टाकलं होतं, बाई, त्याच्यावर," काका म्हणाले आणि पुन्हा तोंड धुऊ लागले.

वनिताचा मोठा भाऊ टेम्पो चालवायचा. चुलतबहिणीशी बोलताना दिसला म्हणून त्याने एका मुलाचा हात मोडला होता. तो मुलगा त्या वर्षी परीक्षेला बसलाच नाही. हे मला माहीत होतं. सगळ्या शाळेला माहीत होतं. तरीही मी मान हलवली होती.

मी दिग्दर्शकाकडे गेले. तो भाग काढून टाका म्हटलं. तो समजावणीच्या सुरात बोलला. "बाई, संपूर्ण फिल्ममध्ये खरं असं तेवढंच आहे. तोच तिचा जीव आहे."

"पण तिच्या जिवाचं काय?"

"तुम्ही उगाच घाबरताय. काळ बदललाय."

फिल्म पूर्ण झाली की शाळेच्या पटांगणात पालकांना दाखवायची होती. नंतर पेणच्या केबलवरही येणार होती. मुख्याध्यापकांना सांगितलं तर ते चष्मा पुसत राहिले. "सही तुमची आहे, बाई," एवढंच म्हणाले.

दिग्दर्शक चार दिवसांसाठी मुंबईला गेला. मूळ कॅसेटी काकांच्या दुकानात राहिल्या. त्यांच्या नकला काढून काका त्या मुंबईला पाठवणार होते. ते चार दिवस मी फळ्यावर काय लिहीत होते, मला आठवत नाही. वनिता पहिल्या बाकावर बसून हसायची आणि मला तिच्याकडे बघवायचं नाही. बाहेर हायवेवर एखाद्या टेम्पोचा ब्रेक लागला की हातातला खडू मोडायचा.

तिसऱ्या दिवशी टेम्पो खरोखरच थांबला.

भाऊ व्हरांड्यात आला. आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर बरं वाटलं असतं. "बाई, वनीचं शूटिंग झालं म्हणतात. पोरं हसतायत तिच्यावर. काय बोलली ती?"

"अभ्यासाचं बोलली," मी म्हटलं.

"मग मला बघायचं हाय. कुठं हाय कॅसेट?"

मुख्याध्यापक म्हणाले, "पेणला आहे. बाई, तुम्हीच जा यांच्याबरोबर." आणि आत निघून गेले.

मी त्याच्या टेम्पोत बसले. नागोठणं मागे पडलं. गडब गावात रस्त्याकडेच्या दुकानापाशी त्याने गाडी थांबवली, दोन बाटल्या पाणी घेतलं, एक माझ्या हातात दिली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. "बाई, तुम्ही आमच्या आईला घरी येऊन सांगितलंत, पोरगी हुशार हाय, शिकवा. म्हणून शिकवतोय. खरं सांगा. त्यात काय हाय?"

हातातल्या बाटलीचं झाकण मला उघडत नव्हतं. त्याने ते उघडून दिलं. मी म्हटलं, "बघशीलच ना आता." याहून वाईट उत्तर दुसरं नव्हतं. त्याने गाडी सुरू केली.

भाऊ येतोय हे काकांना आधी कळवायला मला वेळच मिळाला नव्हता. दुकानात शिरताना मी त्यांच्याकडे बघितलं, मान हलवून नको नको म्हटलं. नाहीतर कॅसेट सापडत नाही म्हणा, यंत्र बिघडलंय म्हणा, काहीही म्हणा. पण काकांनी भावाला खुर्ची दिली, कॅसेटींच्या रांगेतून एक काढली आणि यंत्रात सरकवली. मला वाटलं, हा माणूस भ्यायला. मार नको म्हणून दाखवतोय.

पडद्यावर वनिता आली. दोन वेण्या, मागे सांगाडा. गणित, पंक्चर. मग म्हणाली, "दादा पहिल्यांदा टेम्पो घेऊन आला ना, तेव्हा आधी आईला नाय बसवलं. माझ्या सगळ्या मैत्रिणींना बसवून कोलाडपर्यंत फेरी मारली." भाऊ पुढे झुकला. त्याचा चेहरा इतका मऊ झालेला मी कधी बघितला नव्हता, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटली. तेवढ्यात दिग्दर्शकाचा आवाज आला. "बरं, आता सांग..."

चित्र फाटल्यासारखं हललं. आणि पडद्यावर गणपती आले.

गल्लीतल्या कारखान्यातले कच्चे गणपती. फळ्यांवर रांगेने ठेवलेले, पांढरे, रंग न लागलेले. डोळ्यांची आखणी अजून झालेली नव्हती. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून हळूहळू सरकत होता.

"हे काय?" भाऊ म्हणाला.

"चूक झाली," काका म्हणाले. "भरलेली कॅसेट पुन्हा लावली कॅमेऱ्यात. गल्लीतलं शूटिंग त्याच्यावर बसलं. पोरीचं पुढचं गेलं."

"पुढं काय होतं?"

"परीक्षेचं बोलत होती. बाई तिथंच होत्या. विचारा."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो. परीक्षेचं."

मला वाटलं, आता तो उठेल. तो उठला नाही. हाताची घडी घालून बघत राहिला. बिनडोळ्यांचे गणपती एकामागून एक जात राहिले, आणि मी मनात मोजत होते. वनिता सहा मिनिटं बोलली होती. काकांनी पुरती सहा मिनिटं झाकली होती का? साडेपाचच झाली असतील तर? एका वाक्यापुरती जागा राहिली असेल तर? काका यंत्राशेजारी उभे होते. त्यांचा तळवा शर्टावर घट्ट दाबलेला होता.

चित्र पुन्हा हललं आणि वनिता परत आली.

पण ती बोलत नव्हती. दोन्ही हातांत तोंड लपवून हसत होती, आणि मागून माझाही हसण्याचा आवाज येत होता. मग माझाच आवाज, "पुरे आता. जा वर्गात." आणि रिकामं स्टूल.

"का हसते ती?" भावाने विचारलं.

बाहेर कारखान्यात कुणीतरी माती कालवत होतं, त्याचा चपचप आवाज येत होता. भावाने पडद्यावरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघितलं आणि स्वतःशीच म्हणाला, "हसरीच हाय ती. लहानपणापासून." मग उठला. "ते टेम्पोचं तेवढं ठेवा फिल्ममध्ये. आईला दाखवीन."

टेम्पो गेल्याचा आवाज आला तेव्हा काका जमिनीवर बसले. "चार वेळा बघितलं होतं मी," ते म्हणत राहिले. "चार वेळा. ते शेवटचं हसणं राहिलंच कसं?"

मी विचारलं, "काका, साहेबांना काय सांगणार?"

"चूक झाली म्हणून सांगीन. याआधीही झालीय माझ्या हातून."

दिग्दर्शक चिडला, आणि त्याच्या जागी मीही चिडले असते. त्याने पुन्हा मुलाखत घ्यायची म्हटलं, पण भावाचा टेम्पो दारात बघितलेल्या मुख्याध्यापकांनी परीक्षेचं कारण पुढे करून दार बंद केलं. काकांना त्याने शाळेच्या व्हरांड्यात, शिक्षकांसमोर सुनावलं. इतकी वर्षं कॅमेरा धरून भरलेली आणि कोरी कॅसेट कळत नाही? काका खाली मान घालून ऐकत होते. मी चार पावलांवर उभी होते. माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. बोलले असते तर का पुसलं ते सांगावं लागलं असतं. ते खरंच आहे. पण मी गप्प राहिले ते फक्त वनितासाठी नव्हे, तेही सांगायला हवं. कागदावर सही माझी होती.

फिल्म दाखवली गेली. हंडे होते, खिडकी होती, बासरीही होती. चिडलेल्या दिग्दर्शकाने वनिताचा टेम्पोचा तुकडासुद्धा घेतला नव्हता. मुलं अवघडून बघत होती. एकजण म्हणाला, "बाई, ही आपली शाळा नाय." वनिता सगळ्यांत शेवटपर्यंत पडद्याकडे बघत बसली, आता येईन, मग येईन म्हणून. दिवे लागले तेव्हा ती रडत होती. तशीच काकांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, सगळे हायत. माझंच का नाय?"

मी त्यांच्याकडे बघत होते. ते म्हणाले, "बाळा, तुझ्या वेळेला फोकस गेला होता. माझीच चूक."

"तुम्हाला येतच नाय शूटिंग," ती म्हणाली आणि निघून गेली.

व्हरांड्यातली ती गोष्ट हळूहळू पसरली. शूटिंगकाका आता चुका करतात, नजर गेली त्यांची, असं लोक म्हणू लागले. लग्नाचे मुहूर्त इतरांकडे जाऊ लागले. पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेऱ्याचा फोन आला. एकदा पेणच्या स्टँडवर भेटले तेव्हा समोर कॉलेजच्या मुली एकमेकींचं शूटिंग करत होत्या. काका त्यांच्याकडे बघत म्हणाले, "बाई, आता कोण कुणाला विचारणार?" त्यांना घाम फुटला होता. मी सरबत घ्या म्हटलं, तर सरबत नको म्हणाले, चहा घेतला. तीच शेवटची भेट. ते गेल्याचं मला महिन्याने कळलं.

मागच्या वर्षी मी रोह्याहून नदीवरचा पूल ओलांडून अष्टमी गावातल्या लॅबमध्ये रक्तातली साखर तपासायला गेले होते. रक्त घ्यायला आलेल्या बाईने माझ्या दंडाला रबर बांधलं आणि एकदम म्हणाली, "बाई, ओळखलंत? मी वनिता." वेण्यांच्या जागी अंबाडा होता. बोलणं तेच. नवरा कंपनीत शिफ्टला, मुलगी नववीत. बोलता बोलता शाळेतल्या फिल्मचा विषय तिनेच काढला. "मला घेतलंच नव्हतं त्यात. मी दोन दिवस जेवले नव्हते, बाई. त्या काकांवर अजून राग आहे माझा."

इतक्या वर्षांनी मी ते सांगितलं. काकांनी काय पुसलं, का पुसलं, पेणच्या दुकानात तिचा दादा कसा बसला होता. ती रबर सैल करून, सुई हातात धरून ऐकत होती.

"पण मी काय बोलले होते असं?"

"नितीनचं."

"कोण नितीन?"

तिने कपाळाला आठ्या घातल्या, आठवून पाहिलं. "कंपासपेटीवाला?" आणि इतक्या मोठ्याने हसली, की बाहेर बसलेले दोघे-तिघे डोकावले. "अगं बाई! त्याचं नाव नितीन होतं होय?"

मग तिचं हसू थांबलं.

तिने रबर पुन्हा आवळून रक्त घेतलं, टोचल्या जागी कापूस ठेवला आणि वर अंगठा दाबला. म्हणाली, "माझ्या लग्नाला दादा त्यांनाच बोलावणार होता शूटिंगला. मीच नको म्हटलं." मग विचारलं, "आता कुठे असतात ते?"

"नाहीत," मी म्हटलं. "जाऊन दोन वर्षं झाली."

बाहेरून कुणीतरी तिला हाक मारली. माझं रक्त केव्हाच थांबलं होतं. ती कापसावर अंगठा दाबून तशीच उभी राहिली, आणि मीही हात काढून घेतला नाही.